हरेलीला मुरगळलेला घोटा

आपल्या पंचांगात आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस, ज्या दिवशी येते त्याच दिवशी छत्तीसगडातल्या दुर्ग-भिलाईत हरेली असते. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्या लेखी ती श्रावणातली अमावस्या. दिवस मात्र एकच. मराठी घरात समया घासूनपुसून पाटावर मांडलेल्या असतात, कणकेचे गोड दिवे उकडत असतात, आणि बाहेर गल्लीत मुलं गेडीवर चढलेली असतात. गेडी म्हणजे दोन बांबू आणि त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेले पाय ठेवायचे दोन तुकडे. दोर घट्ट आवळून त्यावर तेल सोडलं की पाऊल टाकताना करकर आवाज येतो, आणि त्या आवाजासाठीच मुलं चिखलातून मुद्दाम जोरात चालतात. शेताच्या चिखलापासून पाय वरच्या वर राहावेत म्हणून निघालेली ही सोय आता खेळ झाली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडीची शर्यतही होती.

त्या दिवशी संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरात एक मूल बाहेरच्या पायरीवर बसून रडत असतं. पाय मुरगळलेला असतो, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज चढलेली असते. पुढच्या मंगळवारपासून मंगळागौरी सुरू होतात आणि फुगड्या-झिम्मा घालताना पाय लचकायची पाळी त्या मुलाच्या आई-मावशीवर येते. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पायऱ्या आहेतच. या भागात घोट्यांचा हंगाम खरोखर श्रावणाचा आहे.

भिलाईत घोटा मुरगळणाऱ्याला सल्ल्यांची कमतरता कधी नसते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन इथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं, आणि देशभरातून माणसं कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमध्ये राहायला आली. मराठी माणसं तर या मुलखात भोसल्यांच्या कारभारापासून आहेत. त्यामुळे एकाच गल्लीत आजीकडे आंबेहळद आणि तुरटी असते, शेजारच्या पंजाबी घरात मोहरीचं तेल, केरळी घरात मुरिवेन्नाची बाटली, आणि गावाकडून आलेल्या कामवाल्या ताईंकडे मोहाच्या बियांचं टोरीचं तेल. ही सगळी माणसं मायेनं धावून येतात. पण त्या सगळ्यांच्या हाताला एकच ओढ असते, ती म्हणजे चोळण्याची. मला या लेखात मुख्यतः त्या हातांना थांबवायचं आहे. आणि दुसरं सांगायचं आहे ते याच्या अगदी उलट वाटेल असं: चोळणं थांबवा, पण पायाला पलंगावर महिनाभर निजवूनही ठेवू नका.

आधी हाडाची शंका फेडून घ्यायची. घरचे उपचार त्यानंतर. मोडलेल्या हाडावर लेप लावून आठ दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि साध्या लचकेसाठी घाबरून तीन ठिकाणी एक्स-रे काढलेलीही. यातली सीमारेषा कशी ओळखावी, हा प्रश्न कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी मनावर घेतला. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जे साधे नियम मांडले ते आज जगभर ‘ओटावा नियम’ म्हणून आणीबाणीच्या विभागात वापरले जातात. एक्स-रेची गरज नसलेल्यांना त्यांनी रांगेतून बाहेर काढलं, आणि मोडलेलं हाड या नियमांच्या हातून क्वचितच निसटतं.

हे नियम घरातही समजून घेता येतात. घोट्याला दोन उंचवटे असतात, आतला आणि बाहेरचा. बाहेरच्या उंचवट्याच्या टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं, हाडाच्या मागच्या कडेवरून बोटानं हलकेच दाबत जायचं. तसंच आतल्या उंचवट्यावर. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड टोचल्यासारखं हाताला लागतं ते, करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं बूड, तिथे दाबायचं. शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर. या चारपैकी कुठेही नेमकं हाडावरच दाबल्यावर जोराची कळ आली तर एक्स-रे. आणि दुसरी कसोटी चार पावलांची. पडल्यावर लगेच, आणि नंतर तपासतानाही, लंगडत का होईना पण चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडण्याला हरकत नाही, दोन्ही पायांवर दोन-दोनदा भार पडला पाहिजे इतकंच. उंचवट्याच्या पुढच्या, मऊ भागात दुखतं आहे आणि हाडावर नाही, पाऊल टाकता येतं आहे, तर बहुतेक वेळा दुखावलं आहे ते लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारी चिवट पट्टी.

या कसोटीला अपवाद आहेत आणि ते नीट लक्षात ठेवायला हवेत. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला नेमकं कुठे दुखतं ते सांगता येत नाही. त्याहून मोठ्या, वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. म्हणून गेडीवरून पडलेल्या मुलाच्या बाहेरच्या उंचवट्यावरच दुखत असेल तर त्याला डॉक्टरांना दाखवावंच. मधुमेहानं ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांना मोडलेल्या हाडावरूनही चालता येतं, त्यांच्यासाठी चार पावलांना काही अर्थ नाही. दारू प्यालेल्या माणसालाही हेच लागू. घोट्याचा आकारच बदलला असेल, पाऊल वाकडं दिसत असेल, जखम उघडी असेल, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडली असतील, किंवा टाचेच्या मागे ‘फट्’ असा आवाज होऊन पंजावर उभंच राहता येत नसेल, तर घरी काही करत बसू नये. भिलाईतल्या माणसाच्या तोंडी ‘सेक्टर नाइन’ म्हणजे कारखान्याचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय. तिथे, किंवा जे जवळ असेल तिथे, लगेच जावं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहितो. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधावरून आलेल्या माणसाचा घोटा सुजलेला, काळानिळा दिसतो, पण पाय मुरगळल्याचं त्याला आठवत नाही. सूज बघता बघता पोटरीकडे चढते, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त येतं. हा घोणशीचा दंश असू शकतो. त्यावर बर्फ नको, आवळून पट्टी नको, लेप तर नकोच. पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं. न मुरगळता सुजलेला एकच पाय, पोटरी गरम आणि दुखरी, किंवा दोन्ही पायांना सारखीच सूज, हेही या लेखाचे विषय नाहीत. त्यांची कारणं रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, हृदय, मूत्रपिंड यांत शोधावी लागतात.

तर हाड शाबूत आहे असं धरून पुढे जाऊ. पाय बहुधा आतल्या बाजूलाच का मुरगळतो, हे कळलं की उपचारही कळतो. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड मिळून खाली एक चिमटा तयार करतात. त्या चिमट्यात टॅलस नावाचं हाड खुंटीसारखं बसतं. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खालपर्यंत येतो, म्हणून पाऊल बाहेर वळायला अडथळा आहे, आत वळायला तेवढा नाही. त्यातही ही खुंटी पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल सपाट किंवा वर उचललेलं असताना रुंद भाग चिमट्यात घट्ट बसतो. पंजा खाली झुकला की अरुंद भाग चिमट्यात येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना, उडी मारून जमिनीवर येताना, गेडीवरून खाली उतरताना पंजा खालीच झुकलेला असतो. त्याच क्षणी पाऊल आत वळलं की सगळा ताण बाहेरच्या बाजूच्या तीन पट्ट्यांपैकी पुढच्या, सगळ्यात दुबळ्या पट्टीवर येतो. आतल्या बाजूची पंख्यासारखी पसरलेली पट्टी फार बळकट असते, ती सहसा तुटत नाही.

पट्टी नुसती ताणली, अर्धी फाटली किंवा पूर्ण तुटली, अशा तीन पायऱ्या डॉक्टर मानतात. कुठलीही असो, तिच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फाटतात. रक्त कातडीखाली झिरपतं. आसपासच्या वाहिन्या रुंद होऊन त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात. पहिल्या काही तासांत येणाऱ्या पेशी फाटलेलं साफ करायला लागतात, दोन-तीन दिवसांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी येऊन उरलेला कचरा गिळतात आणि नव्या धाग्यांसाठी जागा करतात. सूज म्हणजे हेच काम चालू असल्याची खूण. ती आटोक्यात ठेवायची, पण ती आली म्हणून भिऊन तिच्यावर तुटून पडायचं नाही.

आता चोळण्याचं बघा. फाटलेल्या वाहिन्यांची तोंडं पहिल्या दोन-तीन दिवसांत नुकती बंद होत असतात. त्यांवर तेल लावून अंगठ्यानं जोर दिला की ती पुन्हा उघडतात, अर्धी फाटलेली पट्टी आणखी फाटते. चोळल्यावर थोडा वेळ बरं वाटतं हे खरं आहे. कातडीवरच्या स्पर्शाच्या संवेदना दुखण्याच्या संवेदनांना मागे सारतात, म्हणून लागल्यावर आपला हात आपोआप तिथे जातो. पण त्या पाच मिनिटांच्या सुखाची किंमत दुसऱ्या दिवशी दुप्पट सुजलेला घोटा चुकवतो. ‘शीर चढली आहे, बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर पाय कधीच देऊ नये. मुरगळलेल्या घोट्यात चढलेली शीर नसते. झटका देऊन बसवण्यासारखं तिथे काही नसतं, आणि हाडाला बारीक तडा असेल तर तो झटका तो तडा सरकवतो.

चोळण्याऐवजी पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी फार साध्या आहेत. पाय वर ठेवायचा. वर म्हणजे मोड्यावर किंवा स्टुलावर नव्हे. खुर्चीत बसून पाय समोर स्टुलावर ठेवला तरी घोटा हृदयाच्या खालीच राहतो, आणि पाणी उताराकडेच जाणार. आडवं पडून पायाखाली दोन उशा किंवा घडी घातलेली गोधडी घ्यायची, पाऊल छातीच्या वर आलं पाहिजे. पहिले दोन दिवस जेवढा वेळ जमेल तेवढा.

मग क्रेप बँडेज. औषधाच्या दुकानात ते मिळतं, मोठ्या माणसाला १० सेंटिमीटर रुंदीचं चालतं. बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं, पंजा खाली लोंबू द्यायचा नाही. सुरुवात घोट्यावर करायची नाही, बोटांच्या मुळाशी करायची. दोन वेढे पावलाला, मग घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकत, पोटरीच्या खालपर्यंत. बरेच जण घोट्यावरच घट्ट पट्टी गुंडाळतात आणि मग पाऊल फुग्यासारखं सुजतं, कारण पट्टीच्या खाली अडकलेल्या पाण्याला वर जायला वाट राहत नाही. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखणं उलट वाढलं, तर सोडून सैल बांधायचं. रात्री झोपताना काढून ठेवायचं.

बर्फाबद्दल गेल्या काही वर्षांत डॉक्टरांचंच मत बदललं आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चार गोष्टी एकत्र बांधणारं सूत्र अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये आपल्या क्रीडावैद्यकावरच्या पुस्तकात मांडलं. इंग्रजी आद्याक्षरांचा त्याचा ‘राइस’ हा शब्द जगभर पाठ झाला. पुढे मर्किन यांनी स्वतःच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती हे दोन्ही बरं होण्याला मदत करण्याऐवजी उशीर लावू शकतात. कारण वर आलंच आहे: ज्या पेशींना आत यायचं आहे त्यांची वाट थंडीनं आवळली जाते. त्यांचं हे मत बदलणं मला मोठं वाटतं. स्वतःच्या नावानं ओळखला जाणारा सल्ला चाळीस वर्षांच्या जवळपास चालल्यावर तो दुरुस्त करायला प्रामाणिकपणा लागतो. आज बर्फाचं काम एवढंच मानावं की तो दुखणं कमी करतो. पहिल्या दोन दिवसांत फार ठणकत असेल तर ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, पुन्हा लागला तर दोन तासांनी. बर्फ थेट कातडीवर ठेवला की कातडी भाजल्यासारखी होते.

पण छत्तीसगड आणि विदर्भातल्या घरांनी बर्फाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: या मुलाला सिकलसेल आहे का? या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, रायपूरला त्यासाठी वेगळी संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि थंडी हे त्या अडकण्याचं एक ठाऊक असलेलं निमित्त आहे. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाच्या घोट्यावर बर्फ ठेवू नये. त्यांच्यासाठी पाय उंच, हलकी पट्टी, भरपूर पाणी आणि डॉक्टरांचा सल्ला. लहान मुलाची पावलं आणि हातांचे पंजे काही न लागता सुजले तर ती या आजाराची पहिली खूणही असू शकते.

गोळीचंही असंच आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं, वजन आणि वय बघून, पाकिटावरच्या मात्रेत. डायक्लोफिनॅकचं जेल हलक्या हातानं पसरून लावलं तर ताज्या लचकेत दुखणं कमी होतं, हे चांगलं तपासलेलं आहे. जेल पसरायचं, रगडायचं नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मात्र पावसाळ्यात अंगात ताप असताना घेऊ नयेत. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि अनेक घरांनी माणसं गमावली. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात, त्यावर या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या माणसाचा घोटा साध्या मारानंही भीती वाटेल इतका काळा पडतो, त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच काही घ्यावं.

आणि आजीचा लेप? आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ उगाळून लावणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, म्हणून याचं उत्तर टाळत नाही. हळदीतलं कर्क्युमिन कातडीतून आत फारसं उतरत नाही. लेपानं जो आराम वाटतो त्यात मोठा वाटा गारव्याचा असावा, आणि लेप वाळेपर्यंत पाय न हलवता पडून राहिल्याचा. म्हणजे आजी नकळत योग्य तेच करून घेत होती. थंड लेपानं नुकसान नाही, कातडी फुटलेली नसेल तर. पण गरम करून बांधलेला लेप पहिल्या दोन दिवसांत रक्तस्राव वाढवतो. निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी सूज उतरू लागल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, आखडलेल्या स्नायूंसाठी चालेल. हळद-चुना मात्र पूर्ण सोडून द्यावा. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, कुंकू करताना हेच घडतं, आणि तो लाल रंग सांगतो की मिश्रण किती क्षारी झालं आहे. सुजून ताणलेली कातडी त्यानं भाजते आणि फोड येतात. हळदीचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही: ती कातडी पिवळी करते आणि खालचे खरे रंग झाकते.

ते रंग मात्र वाचता यायला हवेत. आपण ‘मुका मार’ म्हणतो, पण हा मार पुढचे पंधरा दिवस बोलत असतो. आधी लाल-जांभळा. मग रक्तातला प्राणवायू संपत जातो तसा निळा-काळा. त्यानंतर सफाईच्या पेशी हिमोग्लोबिन फोडतात आणि त्यापासून आधी बिलिव्हर्डिन बनतं, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, ते पिवळं. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे द्रव्य. शेवटी लोखंडाचा तपकिरी डाग राहतो आणि तोही पुसट होतो. पिवळी छटा सहसा पहिल्या अठरा तासांत दिसत नाही, म्हणून ती दिसली म्हणजे मार कालचा किंवा त्याआधीचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेच्या कडेला आणि बोटांच्या मुळाशी काळानिळा पट्टा उमटला की घरातली माणसं घाबरतात, ‘पसरलं’ म्हणतात. ते पसरलेलं नसतं. घोट्यातलं रक्त गुरुत्वानं खाली उतरलेलं असतं. हिरवा-पिवळा रंग बघून तर आनंदच व्हायला हवा.

हरेलीला मुरगळलेल्या घोट्याची मोजणी आपल्या सणांवरूनच करता येते. हरेलीनंतर पाचव्या दिवशी नागपंचमी. तोवर हलक्या लचकेची सूज निम्म्याहून कमी व्हायला हवी आणि पाऊल टाकता यायला हवं. पाच-सात दिवसांत चालणं सुधारलंच नाही, तर हाड मोडलं नाही असं आधी ठरलेलं असलं तरी पुन्हा दाखवावं. नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस होतात, हलकी लचक तोवर बरी होते. पोळ्याला पुरता महिना होतो, अर्धी फाटलेली पट्टी तोपर्यंत कामाला लागते. पूर्ण तुटलेल्या पट्टीला मात्र अनंत चतुर्दशी, कधी दसरा उजाडतो. आणि आत नव्या धाग्यांची वीण घट्ट होण्याचं काम तर त्यानंतरही कित्येक महिने चालू राहतं.

या दिवसांत पाय हळूहळू कामाला लावायचा. नवे धागे ज्या दिशेनं ताण येतो त्या दिशेनं रांगेत बसतात, ताणच आला नाही तर गुंत्यासारखे वाढतात आणि सांधा आखडतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच पडल्या पडल्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची. ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत गिरवताना घोटा सगळ्या बाजूंना फिरतो, आणि मुलांना हा व्यायाम मनापासून आवडतो. दुखेल तिथे थांबायचं. चालताना काठी लागली तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. नव्वद टक्के लोक ती त्याच बाजूला धरतात असं मला आजवर दिसलं आहे, आणि त्यानं भार दुखऱ्या पायावर उलट जास्त पडतो.

मांडी घालून बसण्याबद्दल कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही, म्हणून इथे लिहितो. मांडी घातली की पाऊल आत वळतं, पंजा झुकतो आणि घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबली जाते. ज्या स्थितीत पाय मुरगळला नेमकी तीच स्थिती, फक्त संथ. जेवायला आणि पूजेला बसताना दोन-तीन आठवडे खुर्ची किंवा उंच स्टूल वापरावं. देशी संडासात उकिडवं बसतानाही घोटा पूर्ण दुमडतो, तिथेही शक्य असेल तर कमोड. कुणाला हे फार वाटेल, पण सूज उतरूनही दुखणं न गेलेल्या माणसांना विचारा, बहुतेक जण जेवायला मांडी घालूनच बसत असतात.

सूज गेली, रंग गेला, चालता आलं, की आपण घोटा बरा झाला असं समजतो. पुन्हा पुन्हा मुरगळणारे पाय इथेच तयार होतात. लिगामेंट नुसती दोरी नाही. तिच्यात बारीक संवेदक असतात, पाऊल किती वळलं आहे याची खबर ते मेंदूला क्षणोक्षणी देत असतात, आणि त्यावरून पोटरीच्या बाहेरचे स्नायू पाऊल सावरतात. पट्टी फाटते तेव्हा ही खबरही तुटते. पट्टी जुळली तरी खबर आपोआप जुळत नाही, ती सरावानं परत येते. सराव अगदी साधा: दुखऱ्या पायावर एकट्यानं तीस सेकंद उभं राहायचं, भिंत हाताशी ठेवून. जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर. पंजांवर उचलून पुन्हा टाच टेकायची, आधी दोन पायांनी, नंतर एका. दात घासताना हे रोज होतं, त्याला वेगळा वेळ लागत नाही. असा तोलाचा सराव केलेले घोटे पुन्हा कमी मुरगळतात, हे वारंवार सिद्ध झालं आहे.

भिलाईच्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी इथल्या बास्केटबॉलच्या मैदानावर साध्या घरांतल्या कित्येक मुलींना घडवलं आणि भारताच्या संघापर्यंत नेलं. बास्केटबॉल हा घोट्यांचा मोठा शत्रू: रिंगखाली उडी मारून खाली येताना पाऊल दुसरीच्या पावलावर पडतं आणि आत वळतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शाळांमधल्या १४६० बास्केटबॉल खेळाडूंवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये तो छापून आला. लेस बांधायचा घोट्याचा पट्टा वापरणाऱ्यांना घोट्याच्या दुखापती न वापरणाऱ्यांच्या जवळपास एक तृतीयांश झाल्या. ज्या मुलीचा पाय एकदा मुरगळला आहे तिनं निदान पुढचं वर्षभर खेळताना असा पट्टा वापरावा, कारण पुन्हा मुरगळण्याचा धोका त्याच काळात सगळ्यात जास्त असतो. पट्टा खेळापुरता. घरात दिवसभर घातला तर घोटा तोल सांभाळायला शिकत नाही.

मैदानावर परतायची कसोटी लंगडीची. दुखऱ्या पायावर दहा उड्या न दुखता, न डगमगता मारता आल्या, एका पायावर डोळे मिटून दुसऱ्या पायाइतकाच वेळ उभं राहता आलं, पळता पळता दिशा बदलता आली, की मग फुगडी, खो-खो, बास्केटबॉल सगळं खुलं. तारीख बघून नव्हे, पाय बघून ठरवायचं. गेडी मात्र सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर जमिनीचा आधारच नसतो, तोल सगळा घोट्यावर. तशी ती पोळ्यापर्यंतच चालते, मग मुलं ती विसर्जनाला नेतात. यंदा पाय मुरगळलेल्या मुलानं गल्लीतल्या मित्राचा हात धरून, गोधडीवर एका पायानं उभं राहून सराव केला असेल, तर पोळ्याच्या दिवशी त्यालाही आपली गेडी खांद्यावर घेऊन, चिखलातून, त्या रांगेत चालता येईल.